लोणावळ्याहून औंध रोडपर्यंत

लोणावळा, बुधवार

ती. बाबा, सा. न.

कर्जतला मागून इंजिनं जोडली आणि गाडी घाट चढली. 1863 साली बोरघाटातून रूळ आले, मुंबई हाताशी आली, आणि इथल्या थंड हवेला मिशनऱ्यांनीही जवळ केलं. डॉन बॉस्को, ऑक्झिलियम कॉन्व्हेंट या शाळा गावात सगळ्यांना ठाऊक. मला मात्र याच लोहमार्गावर पुढे, खडकीजवळचं स्पायसर कॉलेज बघायचंय. उद्या पुणे लोकल धरते.

तळेगाव, गुरुवार

मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, सगळीकडे भातखाचरं. आपण खातो तो इंद्रायणी तांदूळ वडगावच्याच संशोधन केंद्रातून 1987 साली आला.

तळेगावला मुद्दाम उतरले. अण्णासाहेब विजापूरकरांनी 1906 साली काढलेलं समर्थ विद्यालय इथे नांदलं. राष्ट्रीय शिक्षणाच्या त्या चळवळीत उद्योगाच्या शिक्षणाला मोठा मान होता. लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या पैसाफंडाचा काच कारखानाही 1908 मध्ये याच गावात निघाला. 1910 साली सरकारने समर्थ विद्यालय बंद पाडलं. वाचून माहीत होतं, तरी इथे उभं राहिल्यावर जिवाला लागलं.

औंध रोड, शुक्रवार

बाबा, आज स्पायसरला जाऊन आले. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाची ही संस्था 1915 मध्ये कोइमतूरला लहानशी प्रशिक्षण शाळा म्हणून सुरू झाली. तिथून बिऱ्हाड बंगळूरला गेलं. 1937 मध्ये विल्यम अँब्रोज स्पायसर यांचं नाव मिळालं. हे गृहस्थ 1898 मध्ये कलकत्त्याला येऊन ‘ओरिएंटल वॉचमन’चं संपादन करत होते, पुढे पंथाचे जागतिक अध्यक्ष झाले. 1942 मध्ये, ऐन महायुद्धात, कॉलेज पुण्यात आलं. आवारात शाळाही आहे, आणि 2014 च्या कायद्याने कॉलेजचं विद्यापीठ झालं.

डोकं, हात आणि अंतःकरण तिन्ही घडवायची, ही ॲडव्हेंटिस्ट शिक्षणाची जुनी शिकवण. म्हणून आवारात बेकरी, आणि काम करून फी भागवणाऱ्या मुलांची परंपरा. तिथल्या गव्हाच्या पावाची लादी घेतली: हाताला जड, कड खरपूस, कापली तरी भुगा होत नाही. शुक्रवारी सूर्यास्ताला त्यांचा शब्बाथ लागतो, तो शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. तेवढा वेळ सगळी कामं बंद.

विजापूरकर आणि हे मिशनरी एकमेकांपासून किती लांबचे! तरी शिकणाऱ्या मुलाला कष्टाची लाज वाटू नये, हे दोघांनाही पटलं होतं. एकाची शाळा सत्तेने मोडली, दुसरी तीन गावं बदलून टिकली. टिकली तिचं कौतुक करताना मोडली तिचं ऋणही मानायला हवं, असं मला मनापासून वाटतं. तुम्ही शाळेत बागकामाचा तास शेवटपर्यंत सोडला नाहीत, त्यामागचा हट्ट आज नीट कळला.

रविवारी निघते. आईला नमस्कार.

तुमची लेक