डेल्टा, २३०

वडील निवर्तल्यावर वाडीतल्या मागच्या खोलीत जे उरले, त्यात सर्वांत जड वस्तू म्हणजे त्यांचा लेथ. हयात मुंबईच्या कारखान्यात टर्नर म्हणून घालविलेल्या माणसाने निवृत्तीच्या पैशातून घेतलेले हे जुने यंत्र. त्याला २ अश्वशक्तीची थ्री-फेज मोटर. त्यांच्या हयातीत खोलीला वेगळा मीटर होता. पुढे ते कनेक्शन बंद झाले व घरात राहिला तो दिवे-पंख्यांचा सिंगल-फेज पुरवठा. भंगारवाला दोनदा वजनाचा अंदाज घेऊन गेला. आईने दोन्ही वेळा त्याला चहा पाजला आणि रिकाम्या हाताने परत पाठविले.

लेथ चालवायचा ध्यास घेतला तो आमच्या पुतण्याने. आम्ही कुटुंबीय मात्र साशंक होतो, आणि त्याला कारण होते.

थ्री-फेज मोटरमध्ये तीन गुंडाळ्या असतात व त्यांतील प्रवाह एकमेकांच्या मागे तृतीयांश आवर्तनाने येतात. त्यामुळे आतले चुंबकीय क्षेत्र राहाटासारखे गोल फिरते आणि रोटरला आपल्याबरोबर ओढून नेते. १८८८ साली इटलीत फेरारिस आणि अमेरिकेत टेस्ला यांनी हे फिरते क्षेत्र जगापुढे मांडले. पुढच्याच वर्षी दोब्रोव्होल्स्की यांनी त्याला आजचे तीन फेजचे रूप दिले. एकाच फेजवर क्षेत्र फिरत नाही, पाळण्यासारखे नुसते पुढे-मागे झुलते. मोटर घुमते, पण जागची हलत नाही. पुलीला दोरी गुंडाळून हिसका दिला तर ज्या दिशेने ढकलू त्या दिशेने ती धावू लागते, हे खरे; परंतु अडकून नुसती घुमत राहिली तर काही मिनिटांत वाइंडिंग जळते. खोलीला लागूनच आई निजते. जळक्या वार्निशचा वास आम्हाला त्या भिंतीपलीकडून यायला नको होता.

वाडीतल्या जाणत्यांनी कंडेन्सर सुचविला. आपल्या वाचकांपैकी अनेकांना तो ठाऊक असेल. एक फेज गेली की विहिरीवरचा पंप त्याच्या जोरावर रेटणारे शेतकरी थोडे नाहीत. सर्वसाधारण हिशेब असा की दर किलोवॅटला सुमारे ७० मायक्रोफॅरड, म्हणजे आमच्या दीड किलोवॅटला शंभराच्या आसपास. पण हा आकडा एकाच भाराला जुळतो. पंपाचा भार दिवसभर सारखा असतो. लेथ कधी रिकामा फिरतो, कधी पोलादात खोल घुसतो. शिवाय ताकद साधारण दोन-तृतीयांशावर येते आणि सुरुवातीचा जोर तर फारच कमी. पंपाला शोभणारी युक्ती लेथला शोभत नाही, असे आमचे मत झाले.

पुतण्याने अखेर ड्राइव्ह आणला. पाटीच्या आकाराचा हा डबा घरातली वीज आधी एकदिश करतो आणि मग तिचे बारीक तुकडे पाडून त्यांतून तीन फेज घडवितो. आवर्तने हळूहळू ५० पर्यंत चढतात, म्हणून दिवेही मंदावत नाहीत. मात्र डबा देतो ते २३० व्होल्ट, आणि मोटर होती ४१५ ची, स्टारमध्ये जोडलेली. तिच्या प्रत्येक गुंडाळीला मुळात २४० च्या आसपासच मिळत असल्यामुळे डेल्टात जोडली की काम भागते. परंतु आमच्या मोटरमधून तीनच टोके बाहेर आली होती. स्टारची गाठ वाइंडिंगच्या पोटात दडलेली. वाइंडरने ती जपून शोधून काढली आणि सहा टोके बाहेर आणली. वडिलांचा जुना फिरकी स्विच मध्ये ठेवण्याचा मोह पुतण्याने आवरला. चालू ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये तोडजोड केली तर डब्यातली उपकरणे जातात. पूर्ण भारावर १२ ते १४ अँपिअर ओढले जाणार म्हणून मीटरपासून स्वतंत्र जाड वायर, वेगळा एमसीबी आणि नवे अर्थिंग केले. या खर्चाबद्दल घरात कुरकुर झाली. आमच्या मते तोच सर्वांत सार्थकी लागला.

विहिरीच्या पंपाचा बुश पहिल्याच आठवड्यात निघाला. गावात बातमी पसरली आणि बाहेरची कामे येऊ लागली. येथे खरा पेच पडला. घरगुती मीटरवर धंदा करणे हा २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरू शकतो, व तसे ठरल्यास आकारणी दुप्पट दराने होते. पुतण्या म्हणाला, "आजी, एवढ्याशा कामाला कोण विचारतंय?"

"तुझ्या आजोबांनी खोलीला वेगळा मीटर का घेतला होता?" आई म्हणाली. "घरचं काम घरच्या मीटरवर कर. लोकांचे पैसे घ्यायचे असतील तर आधी अर्ज भर."

तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी अर्ज घेऊन आमच्याकडे आला. जुना ग्राहक क्रमांक वडिलांच्या वहीत सापडला. नवे कनेक्शन आले की मोटरच्या पट्ट्या पुन्हा स्टारला न्याव्या लागतील. तशीच ४१५ वर घातली तर ती क्षणात जाईल. कुणाच्या नजरेतून हे सुटू नये म्हणून त्याने मोटरच्या झाकणावर आतापासूनच खडूने ठळक लिहून ठेवले आहे : डेल्टा, २३०.