मिरजेच्या चार वाऱ्या

पंढरपूरच्या आसपास राहणाऱ्याला वारी म्हटलं की एकच आठवते. आमच्या घरात मात्र आणखी एक वारी चालू आहे, मिरजेची. आजवर चार झाल्या, पाचवी व्हायची आहे.

आमचं गाव भीमेच्या काठी, मंगळवेढ्याच्या अंगाला. एस.टी.नं सांगोला गाठायचं आणि तिथून मिरजेची रेल्वे धरायची. पूर्वी ही बार्शी लाइटची छोटी गाडी होती, आता रुंद रूळ झाले. सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागा संपल्या की जत रोड, ढालगावकडं माळ लागतो, कवठेमहांकाळला द्राक्षांचे मांडव दिसतात, आणि आरग मागं टाकलं की ऊस. शेतकऱ्याला खिडकी सोडवत नाही. पण मांडीवर उपाशी पोर असलं म्हणजे यातलं काही दिसत नाही, हेही तितकंच खरं.

2016 च्या जानेवारीत आमची लेक झाली. डावीकडचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला, आत टाळूही उघडी. तिला ओढून पिता येईना. दूध काढायचं, तिला उभी धरायची आणि बोंडल्यानं थेंब थेंब पाजायचं. तरी अर्धं नाकातून बाहेर. बाया बघायला येत आणि जाताना म्हणत, "ग्रहणात विळीवर बसली असेल." कुठलं ग्रहण, कधीचं, ते कुणी सांगेना. सासूबाई तोंडानं बोलल्या नाहीत, पण तीन महिने त्यांनी मला विळी हातात घेऊ दिली नाही. त्यात सगळं आलं.

लहान मुलांच्या तपासणीचं सरकारी पथक तालुक्याहून अंगणवाडीत येतं. त्यांनी चिठ्ठी दिली म्हणून एप्रिलात मिरजेला गेलो. दवाखान्यांचं गाव ते. वानलेस डॉक्टरांनी 1894 मध्ये तिथं मिशनचा दवाखाना काढला, तेव्हापासून कर्नाटकापर्यंतचा माणूस दुखणं घेऊन मिरजेला येतो. स्टेशनावर गर्दी होती. लातूरला पाण्याची रेल्वे निघाली होती ना त्याच महिन्यात!

डॉक्टरीणबाईंनी लेकीला तागडीवर ठेवलं आणि परत पाठवलं. वजन साडेचार किलोच्या आसपास हवं, रक्त दहाच्या वर हवं, सर्दी नको. माझ्याकडं बघून त्या म्हणाल्या, "ओठ पोटात सहाव्या-सातव्या आठवड्यातच जुळतो, ताई. तेव्हा दिवस गेल्याचंही तुम्हाला नीट कळलं नसेल. विळीचा काही संबंध नाही." मी विळीचं बोललेही नव्हते. माझ्याआधी बऱ्याच जणी बोलून गेल्या असणार.

मे महिन्यात ओठ शिवला. आधी चार तास दूध बंद. ती भुकेनं रडत होती आणि माझी चोळी भिजत होती. नर्सबाईंनी तिला घेतलं तेव्हा ती माझ्यासाठी रडली नाही. तिला कुठं कळत होतं! बाहेर आली ती दोन्ही कोपरांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या बांधून, टाक्यांना हात लागू नये म्हणून. आणि एक गोष्ट सांगते, हसू नका. तो नवा, नीट ओठ बघून मला रडू आलं. तिचं ते रुंद, फाकलेलं हसू मला आवडायला लागलं होतं, आणि ते परत दिसणार नव्हतं.

टाळूची दुसरी शस्त्रक्रिया 2017 मध्ये, तेरा महिन्यांची असताना. पुढं बरेच दिवस पातळ पेज, वाटीनं.

तिसरी फेरी 2019 ची. टाळू दुभंगलेल्या पोरांच्या कानात पडद्यामागं पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं. पडद्यात बारीकशी नळी बसवायची होती. डॉक्टर म्हणाले, "अगदी लहान काम, घाबरू नका." काम लहानच होतं. पण लेक आता साडेतीन वर्षांची झाली होती. गाडीत बसेना, म्हणून हे म्हणाले, "चल, आजोबांचे भोपळे कुठं जातात ते बघून येऊ."

तसं ते खोटंही नव्हतं. मामंजी नदीकाठी कडू भोपळा लावतात. तो भाजीचा नव्हे. वाळवून मिरजेला जातो आणि त्याची सतार, तंबोरा होतो. सतारमेकर गल्लीत भोपळ्यांच्या राशी असतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मीरासाहेबांचा दर्गा गावातच. 1937 साली गेलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर त्याच आवारात आहे.

सकाळी तिला भोपळे दाखवले, दुपारी दवाखान्यात नेलं. त्या दाराशी आल्यावर तिनं आधी बापाकडं आणि मग माझ्याकडं पाहिलं. ते बघणं मी विसरणार नाही. नळ्या दहा-पंधरा मिनिटांत बसल्या, संध्याकाळी सोडलं. पण पुढं चार-पाच महिने ती एस.टी.त पाऊल ठेवीना, बाजारालासुद्धा नाही. मामंजींनी भोपळा हातात घेतला की ती कोठीत जाऊन लपायची. मामंजी ह्यांना एवढंच म्हणाले, "माझा भोपळा कशाला आणलास मध्ये?"

2022 मध्ये टाळूला राहिलेलं बारीक भोक बुजवायचं ठरलं, तेव्हा आम्ही आठ दिवस आधी तिला सगळं सांगितलं. चिंधीची बाहुली घेतली, तिला भूल दिली, टाके घातले. काय दुखेल, काय दुखणार नाही, सारं सांगितलं. आई दारापर्यंतच येणार, पण डोळे उघडशील तेव्हा जवळ असणार, हेही. "किती वेळ?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "भात शिजून, जेवून, भांडी होतात तेवढा."

ती नर्सबाईंचं बोट धरून चालत आत गेली. मागं वळून पाहिलं नाही. रडली असती तर बरं, असं मला वाटून गेलं. आईच्या जिवाचं काही सांगता येत नाही. भांडी होण्यापेक्षा जास्तच वेळ लागला आणि शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं तेच सुनावलं.

टाके तपासायला पुन्हा गेलो तेव्हा गल्लीत जायचं तिनंच काढलं. एक कारागीर भोपळा पाण्यात भिजवत होता. भिजला की मऊ पडतो, मग कापून, आत काड्या लावून हवा तसा ताणतात. लेक म्हणाली, "याला भूल देता का?" कारागीर हसला नाही. म्हणाला, "भिजवतो, तीच त्याची भूल."

कुणाच्या घरी अशी फेरी निघणार असेल तर पुढून बटणांचं झबलं न्या. टाक्यांवरून डोक्यातून काही घालता-काढता येत नाही. आणि पोराला खरं सांगा, दोन वर्षांचं असलं तरी.

आता ती चौथीत आहे. प आणि ब स्वच्छ म्हणते, क जरा नाकात जातो, त्याचा सराव चालू आहे. पाचव्या वेळी कमरेच्या हाडातला थोडा भाग घेऊन हिरडीच्या फटीत भरायचा आहे, वरचा सुळा यायच्या आत. कमरेत तिथं खड्डा राहील का, हे डॉक्टरांना विचारायचं म्हणून तिनं मला चिठ्ठीवर लिहून घ्यायला लावलंय. खाली दुसरी ओळ तिनं स्वतः लिहिली आहे: खरोखर किती वेळ लागतो?