रामघाटावरचा साचा

‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ एवढं वाचलं की पुढचा मजकूर मराठी माणसाला पाठच असतो. तालुक्याच्या छापखान्यात लग्नपत्रिकेचा हा मजकूर खिळे जुळवून, दोऱ्याने बांधून तयारच ठेवलेला असे. नावं, मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता तेवढा बदलायचा. छापखानेवाल्याच्या मुलाची साच्याशी पहिली ओळख तिथे झाली. दुसरी झाली तलाठ्याकडे, वडिलांबरोबर सातबारा काढायला गेल्यावर. गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांचे रकाने अख्ख्या महाराष्ट्राला सारखेच, भांडणं मात्र ज्याची त्याची.

पुढे तो पुण्यात वेबसाइटी बनवू लागला. टॉम प्रेस्टन-वर्नर यांचं जेकिल २००८ सालचं, स्टीव्ह फ्रान्सिया यांचं ह्यूगो २०१३ चं; रिवाज दोघांचा एकच. मजकूर मार्कडाउनच्या साध्या फाइलींत. प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर, तीन-तीन आडव्या रेघांच्या मध्ये, शीर्षक, तारीख वगैरे. टेम्प्लेट दुसऱ्या फोल्डरमध्ये, आणि मजकूर जिथे यायचा तिथे दुहेरी महिरपी कंसांत नुसतं नाव. बिल्ड केलं की तयार एचटीएमएल पानं पडतात. टेम्प्लेट बदलला तरी लेखाच्या अक्षराला धक्का लागत नाही, याचं त्याला फार अप्रूप. तयार पानं तर तो बिनदिक्कत पुसून टाकी. पुन्हा पाडता येतात की!

मग रामघाटाची बातमी आली. अहिल्यानगरच्या देवव्रत महेश रेखे या १९ वर्षांच्या तरुणाने वाराणसीच्या रामघाटावरील वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालयात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचं दंडक्रम पारायण पुरं केलं होतं. सुमारे २००० मंत्र, ५० दिवस, सगळं मुखोद्गत. कौतुक झालं ते स्मरणशक्तीचं. वेबसाइटवाल्याचं लक्ष मांडणीकडे गेलं.

पदपाठात मंत्राचं एकेक पद सुटं केलेलं असतं. ही झाली मजकुराची फाइल. तिच्यावर साचे चढतात. क्रमपाठ म्हणजे १-२, २-३, ३-४. जटेत १-२, २-१, १-२. घनात १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३. जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ, घन अशा आठ विकृती. दंडात ही उलटसुलट चाल पदागणिक लांबत जाते.

त्याला वाटलं, चार ओळींचं स्क्रिप्ट! पण ‘रामः’ आणि ‘अत्र’ ही साधीच दोन पदं घेऊन जटा करून पाहावी: ‘रामोऽत्रात्र रामो रामोऽत्र’. शेजारी बदलला की संधी बदलतो. वैदिक पाठात त्यावर उदात्त, अनुदात्त, स्वरित. माध्यंदिन शाखेचे वैदिक तर म्हणताना हातही हलवतात, कारण स्वर हाताने दाखवायचा असतो. म्हणजे इथला साचा नुसती रिकामी जागा भरत नाही, भरलेल्या शब्दाच्या कडाही घडवतो.

दुसरा फरक याहून मोठा. जेकिलमध्ये टेम्प्लेट दिखाव्यासाठी, इथे राखणीसाठी. उलट म्हटलेल्या पदांना अर्थ उरत नाही, त्यामुळे विसरलेल्या जागी अर्थाच्या अंदाजाने दुसरा शब्द खपवता येत नाही. शिवाय एकच पद दोन्हीकडच्या शेजाऱ्यांबरोबर पुन्हापुन्हा येतं. एका ठिकाणी चूक झाली तर दुसऱ्या ठिकाणी ती उघडी पडते. आज फाइल धड पोचली की नाही हे तपासायला संगणक चेकसम काढतात; पाठशाळेत हे काम गळ्याकडे होतं. म्हणूनच इथे तयार झालेला पाठ पुसून चालत नाही. म्हणत राहिलं तरच मूळ फाइल शाबूत.

स्क्रिप्ट त्याने लिहिलंच. पदं उलटी करणारा भाग एका बैठकीत झाला, संधीच्या नियमांची फाइल अजून वाढतेच आहे, आणि स्वरांना त्याने अद्याप हात लावलेला नाही.