दोन्ही बाजूंचा मेळ

पहाटे चूळ भरताना पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप ओघळले, तेव्हा आजींना वाटले की झोप अजून पुरती उतरलेली नाही. दुसरी चूळही तशीच निसटली. मग त्यांनी न्हाणीघरातल्या लहान आरशात पाहिले. चेहऱ्याची उजवी बाजू त्यांची होती. डावी कुणा परक्याची वाटत होती. भुवई खाली आलेली, डोळा मिटू म्हटले तरी मिटत नव्हता आणि ओठाचा कोपरा हनुवटीकडे ओढल्यासारखा झुकला होता.

दशलक्षण पर्व नुकतेच संपले होते. घरच्यांना आधी उपवासाचा अशक्तपणा वाटला, मग पक्षाघाताची भीती वाटली. डॉक्टरांनी हात-पाय तपासले, बोलणे ऐकले आणि म्हणाले, “कपाळाला आठ्या घाला.” आठ्या उजवीकडे पडल्या, डावे कपाळ कोऱ्या पाटीसारखे सपाट राहिले. त्यावरून त्यांनी ओळखले की दुखणे मेंदूतले नाही, चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या मज्जातंतूचे आहे. नाव सांगितले, बेल्स पाल्सी.

ज्या चार्ल्स बेल यांच्या नावाने हा विकार ओळखला जातो, ते स्कॉटलंडमध्ये जन्मलेले शल्यचिकित्सक. त्यांनी १८२१ मध्ये या मज्जातंतूच्या कार्याचे वर्णन केले. पण त्याच्या पंधरा वर्षे आधी, १८०६ मध्ये, त्यांनी चित्रकारांसाठी एक ग्रंथ लिहिला होता. हसताना, रडताना, रागावताना माणसाच्या चेहऱ्यातले कोणते स्नायू कसे हलतात, हा त्याचा विषय. ते स्वतः उत्तम चित्रे काढीत. चेहऱ्याच्या दुखण्याला ज्याचे नाव मिळाले, तो माणूस आधी चेहऱ्याच्या रेषांचा अभ्यासक होता, हा योगायोग या घरात पुढे वेगळ्याच रीतीने अर्थपूर्ण ठरायचा होता.

औषधे वेळेवर सुरू झाली. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ण बरे होतात; काहींची थोडी उणीव मागे राहते. आजी या दुसऱ्या गटात होत्या. मार्गशीर्ष आला तरी डावी भुवई खालीच होती, डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित अधिक उघडा राहत होता आणि ओठाचा कोपरा पुरता वर आला नव्हता. रात्री डोळ्यात मलम घालून पापणी पट्टीने बंद करावी लागे.

चेहऱ्यापेक्षा मोठा बदल त्यांच्या वागण्यात झाला. सांगलीच्या शाळेत बत्तीस वर्षे गणित शिकवलेली ही बाई, गल्लीत दहा ठिकाणी थांबल्याशिवाय ज्यांचे देवदर्शन पुरे होत नसे, त्या आता गर्दी ओसरल्यावर मंदिरात जाऊन येत. डावा गाल पदराआड असे. हसणे तर त्यांनी सोडूनच दिले, कारण हसले की उजवी बाजू वर जाई आणि डावी जागच्या जागी राही. माघात थोरल्या नातवाचे लग्न ठरले होते. “मी आत बसेन. वर येऊन फोटोत उभी राहणार नाही,” असे त्यांनी सुनेला एकदाच सांगितले. त्यांच्या आवाजातला तो ‘एकदाच’ घरात सर्वांना ठाऊक होता.

लग्नाआधी तीन आठवडे धाकटी नात पुण्याहून आली. ती वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला. तिच्याजवळ रंगांची एक पेटी असे आणि गेली दोन वर्षे ती स्वतःच्या चेहऱ्यावर नाना प्रयोग करीत असे. कधी पापणीवर मोरपिशी छटा, कधी डोळ्याच्या कोपऱ्यातून कानाकडे निघालेली बाणासारखी रेघ, कधी ओठांवर विटकरी, तर कधी जांभळा रंग. पूर्वी आजी तिला विचारीत, “काय गं, नाटकात काम मिळालं का?” या खेपेस त्यांनी काहीच विचारले नाही. नातीला ते अधिक लागले.

दुसऱ्या दिवशी तिने विचारले, “आजी, मी तुझ्या चेहऱ्यावर थोडं काम करून बघू?”

“या वयात मला रंगरंगोटी कशाला? झाकून झाकायचं तरी किती?”

नातीने वाद घातला नाही. तिने कागदावर आजीचा चेहरा रेखला, मधोमध उभी रेघ मारली आणि दोन्ही बाजूंची मापे टिंबांनी दाखवली. मग पेन्सिलीने छाया भरीत तिने इमारतीचे तत्त्व सांगितले. भिंतीचा उजळ भाग पुढे आल्यासारखा दिसतो, गडद भाग मागे सरल्यासारखा वाटतो. आडवी रेषा रुंदी वाढवते, उभी उंची. पापणी आणि ओठ यांनाही हाच नियम. मापे आणि आकृती पाहून आजींनी चष्मा पुसला. गणिताच्या शिक्षिकेला चेहऱ्याविषयी बोलणे नको होते. आकृतीविषयी बोलायला हरकत नव्हती.

पण त्यांचा पहिला प्रश्न निराळाच होता. “हे कशापासून करतात?”

मग जेवणाच्या टेबलावर पेटीतल्या अकरा वस्तू मांडल्या गेल्या आणि आजी भिंग घेऊन बारीक अक्षरे वाचू लागल्या. ७५४७० हा क्रमांक दिसला की वस्तू बाजूला. तो कार्माइनचा, निवडुंगावर वाढणारे कोचिनील नावाचे कीटक वाळवून तो लाल रंग काढतात. ७५१७० म्हणजे माशांच्या खवल्यांतून मिळणारी मोतिया चमक, तीही बाजूला. मधमाश्यांचे मेण आणि मेंढीच्या लोकरीतून निघणारे लॅनोलिन या नावांवरही बोट थांबले. ७७४९१ हा मात्र लोहाच्या ऑक्साइडचा तांबूस रंग, तो चालला. ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचे कार्नौबा मेण चालले. भारताने २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी बंद केली आणि तशी चाचणी केलेल्या मालाची आयातही थांबवली, हे नातीने सांगितले, तेव्हा आजींनी मान हलवली. अकरापैकी चार वस्तू उरल्या. नातीच्या आवडत्या दोन वस्तू नाकारलेल्या ढिगात होत्या. त्या तिने पुन्हा पेटीत ठेवल्या नाहीत. त्याबद्दल कुणी काही बोललेही नाही.

नेत्रतज्ज्ञांना विचारून घेतले. पुरता न मिटणाऱ्या डोळ्याच्या आतल्या कडेला काजळ नको, डोळ्यात उडेल अशी भुकटी नको, पापणीच्या बाहेर मऊ क्रीमचा रंग चालेल, आणि रात्री सर्व पुसून टाकायचे.

पहिला प्रयोग फसला. नातीने दोन्ही पापण्यांवर सारखी रेघ काढली आणि ओठांना कडेपासून कडेपर्यंत ठसठशीत लाल रंग दिला. हात सफाईचा होता, काम नेटके होते. पण आजींनी आरसा हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. लाल रंगाने ओठाचा झुकलेला कोपरा अधोरेखित केला होता. मोठ्या दिसणाऱ्या डोळ्याभोवती कड आल्याने तो आणखी मोठा झाला होता. जे आजवर पाहणाऱ्याला शोधावे लागे, ते आता दारातूनच दिसत होते. आजी उठल्या, चेहरा धुतला आणि दुपारभर आपल्या खोलीत राहिल्या. स्वयंपाकघरात नात आईजवळ रडली.

संध्याकाळी आजीच बाहेर आल्या. शिजत घातलेल्या भाताकडे पाहत म्हणाल्या, “तुझं कुठं चुकलं सांगू? तराजूचं एक पारडं खाली गेलंय. दोन्ही पारड्यांत तू सारखंच वजन टाकलंस. मग काटा मध्यावर येईल कसा?”

नातीने डोळे पुसले. “म्हणजे दोन्हीकडे वेगळं करायचं?”

“आणि सगळा फरक एकाच बाजूनं भरून काढू नकोस. निम्मा हिच्याकडून घे, निम्मा तिच्याकडून.”

त्या रात्री नातीने जुन्या चित्रपटांतल्या रंगभूषेविषयी वाचले आणि सकाळी आजीला गोष्टीसारखे सांगितले. मूकपटांच्या काळातल्या फिल्मला लाल रंग नीट टिपता येत नसे. लाल ओठ पडद्यावर काळे दिसत. दिव्यांच्या उष्णतेने ओठांवरचा रंग कोपऱ्यांकडे ओघळे. तेव्हा हॉलीवूडचे रंगभूषाकार मॅक्स फॅक्टर ओठ त्वचेच्या रंगाने झाकीत, अंगठ्याने वरच्या ओठावर दोन आणि खालच्या ओठावर एक ठसा उमटवीत आणि कोपरे कोरे सोडीत. त्या काळातला नाजूक, कळीसारखा ओठ फॅशन झाला, तो या अडचणीतून. याच फॅक्टरांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला स्क्रू आणि धातूच्या पट्ट्या असलेले एक यंत्र केले होते. ते डोक्यावर चढवून नटीच्या चेहऱ्याच्या दोन बाजूंतला सूक्ष्म फरक मोजायचा. रूपवती म्हणून गाजलेल्या चेहऱ्यांतही तो फरक निघे. म्हणून तर यंत्राची गरज.

“कोपरे कोरे,” आजी म्हणाल्या. “तेवढं घे.”

दुसरा प्रयोग दोघींचा होता. डावी भुवई साधारण तीन मिलिमीटर खाली होती. नातीने डावीकडे वरच्या कडेला पेन्सिलीने केसासारख्या बारीक रेघा वाढवल्या आणि उजवीकडे खालच्या कडेला. भुवई जागची हलली नाही. फरक मात्र दोन्हीकडून निम्मा-निम्मा कमी झाला. डाव्या, मोठ्या दिसणाऱ्या डोळ्याच्या पापणीवर बदामी छटा आणि पापणीच्या केसांलगत जरा जाड तपकिरी रेघ. उजव्या पापणीवर गव्हाळ उजळ छटा आणि बाहेरच्या अर्ध्या भागातच बारीक रेघ. एक डोळा थोडा लहान भासू लागला, दुसरा थोडा मोठा. ओठांचा डावा कोपरा त्वचेच्या रंगाने झाकून रंग किंचित आधीच थांबवला आणि उजवीकडे खालचा ओठ जरा भरीव केला. रंग लाल नव्हता. ओठांच्या मूळ रंगाला जवळचा, लोहाच्या त्या तांबूस छटेचा, चमक नसलेला. कारण चमक नजर ओढून घेते. कडा बोटाने पुसट केल्या.

कडा पुसट करायचे काम आजींनी स्वतः केले. पन्नास वर्षे त्या बोटाला सवय होती. हळदीवर क्षाराचा संस्कार केला की ती लाल होते आणि तिचे कुंकू होते. ते कुंकू कपाळावर टिकावे म्हणून आधी मेण लावायचे, मग बोटाच्या टोकाने गोल साधायचा. १९७४ मध्ये लग्न होऊन त्या या घरात आल्या, तेव्हा सासूबाई त्यांच्या कुंकवाचा गोल पाहून म्हणाल्या होत्या, “कंपास लावलास की काय?” सणाला चंद्रकोर, एरवी गोल, माहेरी क्वचित आडवी चिरी. रंग आणि आकार यांचे प्रयोग या घराला नवे नव्हते. फक्त ते कपाळापुरते होते.

काम संपल्यावर आजी बाहेरच्या खोलीत गेल्या. आजोबांनी वर्तमानपत्र खाली केले, क्षणभर पाहिले आणि म्हणाले, “आज बरी दिसतेस. झोप लागलेली दिसते.” आणि पुन्हा बाजारभावांत गढले. दाराआड उभ्या असलेल्या नातीला याहून मोठे प्रमाणपत्र नको होते.

लग्नाच्या दिवशी आजी वर आल्या. मोतिया रंगाची साडी, कपाळावर गोल कुंकू, पदर दोन्ही खांद्यांवर सारखा. फोटोसाठी त्या नातवाच्या शेजारी ताठ उभ्या राहिल्या, ओठ मिटून. चेहरा स्थिर होता तोवर सर्व हिशेब जुळत होता. रंगाची ती मर्यादाच आहे. तो थांबलेल्या चेहऱ्याला तोल देऊ शकतो. हलत्या चेहऱ्याची जबाबदारी घेत नाही. नात समोरून हे जाणून होती आणि श्वास रोखून पाहत होती.

तेवढ्यात नवरीचा चार वर्षांचा भाचा आजींच्या पायाशी आला आणि वर पाहत गंभीरपणे म्हणाला, “तुम्ही नवरदेवाच्या टीचर आहात ना? त्याला शिक्षा करा. त्यानं माझा लाडू खाल्ला.”

आजी हसल्या. पाच महिन्यांनी, मोठ्याने. उजवी बाजू वर गेली, डावी मागे राहिली आणि जमवलेल्या निम्म्या-निम्म्याचा मेळ क्षणात मोडला. नातीचे लक्ष आजींच्या उजव्या हाताकडे होते. तो पदराकडे निघाला, वाटेत थांबला आणि त्या मुलाच्या डोक्यावर विसावला. छायाचित्रकाराने तोच क्षण टिपला. आज दिवाणखान्यात तो फोटो आहे. वाकडा हसू असलेला, आणि आजींनी स्वतः निवडलेला.

सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपली. घरी आल्यावर आजी आरशासमोर बसल्या. नातीने तेलाच्या बोळ्याने आधी ओठ पुसले, मग पापण्या, मग भुवया. उणा-अधिकपणा पुन्हा जसाच्या तसा समोर आला. आजींनी त्याच्याकडे नीट पाहिले, मलम घातले आणि पट्टी लावण्यासाठी डोळा पुढे केला.

“परवा मंदिरात प्रवचन आहे,” त्या म्हणाल्या. “सकाळच्या वेळेचं, सगळे असतात तेव्हाचं.”

“मग येताना पेटी घेऊन येऊ तुझ्या खोलीत?”

आजींनी थोडा विचार केला. “डोळ्याची रेघ काढ. ओठ असू देत.”