वृद्धांच्या इमारतीचा बंदोबस्त

इमारतींच्या सुरक्षाव्यवस्थेची तपासणी करून अहवाल देणे हा माझा व्यवसाय. आणि गोंदियासारख्या शहरात, जिथे हावडा-मुंबई लोहमार्गावरील जंक्शनामुळे परक्या माणसांची ये-जा अहोरात्र चालू असते आणि मध्य प्रदेश व छत्तीसगड यांच्या हद्दी इतक्या निकट आहेत की फिर्याद लिहून होण्यापूर्वीच मुद्देमाल परप्रांतात पोहोचलेला असावा, तिथे निवृत्त रेल्वे कर्मचारी, शिक्षक आणि धानगिरणीचा कारभार मुलांच्या हाती सोपवलेले वृद्ध ज्या इमारतींत राहावयास आले आहेत त्यांचा बंदोबस्त कसा असावा, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. विचारणाराच्या मनात खरा प्रश्न एवढाच असतो की, कॅमेरे किती लावावे.

कॅमेऱ्यांचे मला वावडे नाही. परंतु त्यांचा उपयोग बहुधा तपासापुरता. आमच्याकडे घरफोड्याला सर्वांत सोयीची वाट म्हणजे कूलरची खिडकी. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की कूलरवाचून गत्यंतर नसते. तो बसावा म्हणून खिडकीचे गज कापले जातात, उरलेली फट पुठ्ठ्याने बुजवली जाते, खालच्या मजल्यावरचा लोखंडी स्टँड वर चढणाऱ्याला आयता जिना होतो, आणि पंख्याची घरघर अशी की शेजारच्या खोलीत कपाट फोडले तरी मंदावलेल्या कानांना त्याचा सुगावा लागू नये. गज शाबूत ठेवून कूलर त्यांच्याबाहेर बसवावा; हवा गजांतूनही उत्तम येते. पाणी भरण्यासाठी नळी कायमची जोडून घ्यावी, म्हणजे रात्री खिडकीशी खटपट नको.

याउलट भयापोटी संपूर्ण गॅलरी जाळीने बंद करून, सरकत्या लोखंडी दाराला कुलूप ठोकून, किल्ली उशाखाली ठेवणारेही आहेत. धुराने खोली भरली असता थरथरत्या हातांना ती किल्ली सापडावी कशी? जाळीचा एक भाग आतून उघडणारा हवा, आणि किल्ली बाहेरच्याचा हात पोहोचणार नाही अशा खुंटीवर, ठरलेल्या जागी. दारातले भिंगही सुतार आपल्या डोळ्यांच्या उंचीवर बसवतो. पाठीत वाकलेल्या आजींना किंवा चाकाच्या खुर्चीतल्या आजोबांना त्यातून काय दिसणार? खाली दुसरे भिंग बसवण्यास खर्च तो कितीसा!

दार न फोडताच शिरणारे इसम मात्र अधिक घातक : दागिने उजळून देणारे, तोतया पोलीस बनून अंगावरचे सोने रुमालात बांधावयास लावणारे, आणि अलीकडे व्हिडिओ कॉलवरून ‘डिजिटल अरेस्ट’चा धाक घालणारे. यांतल्या शेवटच्यास चौकीदार काय अडवणार? बाकीच्यांसाठी नियम एकच, की घरातून फोनवर होकार आल्याखेरीज कोणासही वर सोडू नये. आणि पैशाचा वा दागिन्यांचा विषय निघताच शेजाऱ्याला बोलावून घ्यावे, यात संकोच कसला?

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाचा अधिनियम २००७ चा, राज्याचे नियम २०१० चे. पोलीस ठाण्याने हद्दीतील ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, यादी ठेवावी व महिन्यातून एकदा तरी त्यांची भेट घ्यावी, अशी तजवीज त्यांत आहे. सोसायटीच्या सचिवाने वाट न पाहता ती यादी स्वतः ठाण्यात नेऊन द्यावी; तीत मुलांचे दूरध्वनी, दुसरी किल्ली कोणाकडे आहे त्याचे नाव आणि मोलकरणीचा पत्ता असावा. आपत्कालीन मदतीचा ११२ आणि ज्येष्ठांच्या मदतवाहिनीचा १४५६७ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत दूरध्वनीशेजारी चिकटवावेत, आणि एकदा चष्म्याशिवाय वाचून पाहावेत.