परत फिरणारा

शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. मी हजेरीपट कपाटात ठेवत होतो, तेवढ्यात वर्गाच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. माझ्या नववीतल्या एका मुलाची आई. मुलाचे अब्बा कुवेतला. घरातला कुठलाही निर्णय फोनवर व्हायचा आणि या वेळी फोनवर ते एवढेच म्हणाले होते, "मास्टरसाबको पूछो."

"सर, हे बघा," त्यांनी हातातला कागद पुढे केला. "पोरगा म्हणतो, दोरावरून डोंगर चढायला शिकायचंय. चार दिवस नीट जेवला नाही. सही करू का नको, तुम्हीच सांगा."

पाच दिवसांच्या प्रस्तरारोहण शिबिराचा फॉर्म होता. खाली बारीक अक्षरांत छापले होते की अपघात झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत. बाईंनी नेमके त्याच ओळीवर बोट ठेवले. "मग हे कशाला लिहिलंय?"

मी म्हणालो, "सोमवारी सांगतो, भाभी."

खरे तर माझ्याजवळ उत्तर होते, पण ते द्यायची मला लाज वाटत होती.

2012 साली मी बी.एड. करत होतो. आम्ही पाच मित्र सुटी मिळाली की सह्याद्रीत भटकायचो. कोकणात वाढलेल्या पोराला डोंगराचे अप्रूप नसते. करवंदे, लाकूडफाटा, गुरे, सगळे डोंगरातच. पण दोर लावून कडा चढणे ही वेगळीच चीज आहे. बोटाच्या पेराएवढ्या खाचेवर सगळे अंग तोललेले असते, तेव्हा परीक्षा, नोकरी, बहिणीचे लग्न, यातले काहीही डोक्यात राहत नाही. ज्याने हे चाखलेले नाही, त्याला हा वेडेपणा वाटतो. मला तो आजही वाटत नाही.

आपला काळा कातळ लांबून पोलादासारखा दिसतो. जवळ गेल्यावर कळते की थराथरांत मुरूम आहे, हाताने ओढला तर निघून येणारा धोंडा आहे, पावसात शेवाळ आहे आणि कपारीत आग्या मधमाश्यांची पोळी आहेत. म्हणून जाणते लोक पाऊस सरून कातळ वाळल्यावर, थंडीच्या दिवसांत चढतात. डोक्यावर हेल्मेट असते आणि चढणाऱ्याचा दोर सांभाळायला, बिले द्यायला, अनुभवी माणूस असतो. आम्हाला हे सगळे ठाऊक होते. तरीही आम्ही ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच गेलो. हेल्मेटे तीन आणि आम्ही पाच.

अर्ध्या कड्यावर आमचा एक मित्र थांबला. म्हणाला, "कातळ ओला आहे. मी उतरतो."

मी खालून ओरडलो, "क्यों बे, चूडियां पहन लीं क्या?"

सगळे हसले. तो चढला. दहा-बारा फूट वर गेला आणि हातात धरलेला दगडच निघाला. दोराने त्याला धरले, म्हणून जीव वाचला. पण झोका बसून तो कड्यावर आपटला आणि उजवा खांदा कायमचा अधू झाला. आज तोही शिक्षक आहे. फळ्याच्या वरच्या भागापर्यंत त्याचा हात पोहोचत नाही.

त्याने मला कधी दोष दिला नाही. त्याच्या अम्मीनेही नाही. त्या म्हणाल्या, "तकदीर." त्या एका शब्दाआड मी इतकी वर्षे लपून राहिलो. वर्गात मात्र मी मुलांना उंटाची हदीस शिकवतो : आधी उंट बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा. माझा स्वतःचा उंट त्या दिवशी मोकळाच होता.

त्या रात्री झोप येईना. 2021 च्या फेब्रुवारीत उर्दू पेपरांत मी रोज शोधून वाचत असे ती बातमी आठवत राहिली. पाकिस्तानातल्या स्कर्दूजवळच्या सदपारा गावचे मुहम्मद अली सदपारा. दुसऱ्यांची ओझी वाहणारा हमाल म्हणून सुरुवात केलेला हा माणूस जगातल्या आठ हजार मीटरवरच्या 14 शिखरांपैकी 8 शिखरे चढला. 2016 मध्ये नंगा पर्वत भर हिवाळ्यात पहिल्यांदा सर झाला, त्या तिघांत ते होते. 5 फेब्रुवारी 2021 ला 8611 मीटर उंच के-टूवर, तेही हिवाळ्यात, ते दोन परदेशी साथीदारांसह वर निघाले. बरोबर विशीतला मुलगा साजिद होता. सुमारे 8200 मीटरवर, 'बॉटलनेक' नावाच्या अरुंद चढावर, साजिदच्या प्राणवायूच्या नळकांड्याचा रेग्युलेटर बिघडला. तो परत फिरला. खालच्या तळावर रात्रभर वाट बघत बसला. वरचे तिघे आलेच नाहीत.

जुलैमध्ये मृतदेह सापडले. साजिद पुन्हा के-टूवर गेला आणि त्याने वडिलांना वरच बर्फात दफन केले. 2023 मध्ये तो जादा प्राणवायूशिवाय एव्हरेस्टच्या माथ्यावर उभा राहिला.

अली सदपारांचे चुकले, असे म्हणायची माझी लायकी नाही. त्यांचा शौक त्यांच्याबरोबर गेला, पण इज्जत राहिली. मला फक्त एवढे दिसते की साजिद त्या दिवशी परत फिरला, म्हणूनच बापाच्या मातीला हात लावू शकला. परत फिरणारा भेकड नसतो. खाली उभा राहून त्याला हसणारा मात्र पुढच्या अपघातात भागीदार असतो.

सोमवारी बाई आल्या. मी सांगितले, "मना करू नका. मना केलं तर तो चोरून जाईल, आणि चोरून जाणाऱ्याजवळ हेल्मेट नसतं. पण सही करण्याआधी विचारून घेऊ." महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले आहे, त्याप्रमाणे नोंदणी आहे का? शिकवणाऱ्यांनी प्रशिक्षण कुठे घेतले? हेल्मेट आणि हार्नेस प्रत्येक मुलाला वेगळे आहे का? जवळचा दवाखाना किती लांब? आणि मुलगा मध्येच "नको" म्हणाला तर काय कराल?

बाईंनी माझ्यासमोरच फोन लावला. शेवटच्या प्रश्नाला पलीकडचा माणूस म्हणाला, "नको म्हणाला की खाली घेतो, बाई. जबरदस्ती नाही." बाईंनी सही केली.

मधल्या सुटीत मी मुलाला बोलावून खांद्याची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होतो. तो शांतपणे ऐकत राहिला. मग त्याने विचारले, "सर, तुम्ही त्यांची माफी मागितली?"

मी म्हणालो, "वर्गात जा, घंटा झाली."

मुलगा शिबिराला गेला. गुडघे सोलून, काळा होऊन परत आला. तो निघायच्या आदल्या रात्री मी मित्राला फोन केला. तो हसला. म्हणाला, "अरे, अजून तेच घेऊन बसलायस?"

मग थोडा वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही.