अलीशिबेचा उंबरठा

जपमाळ ही कोणा एका धर्माची मिरास नव्हे. वारकऱ्याच्या गळ्यांत तुळशीची माळ असते, मुसलमान गृहस्थाच्या बोटांत तसबीह फिरत असते, संन्याशाच्या हातीं रुद्राक्ष असतो. आणि २०२४ सालीं ज्याचें नांव अहिल्यानगर झालें त्या आमच्या नगर जिल्ह्यांतील कॅथलिक घरांत दिवेलागण झाली म्हणजे भिंतीवरच्या खिळ्याची रोझरी खालीं येते. मण्यांची संख्या निराळी, नामें निराळीं. परंतु मन सैरावैरा धांवतें आणि त्याला बोटांच्या आधारानें घरीं आणावें लागतें, हा अनुभव सर्वत्र सारखाच. रोझरीचा विशेष एवढाच कीं, तिच्यांत दर दहा मण्यांबरोबर ख्रिस्ताच्या किंवा त्याच्या मातेच्या चरित्रांतील एक प्रसंग डोळ्यांपुढें धरावयाचा असतो. अशा प्रसंगास ‘रहस्य’ म्हणतात. विहिरींतून पाणी उपसावें तसतसे तळाचे झरे मोकळे व्हावे, त्या जातीचें हें रहस्य असतें. कोड्यासारखें तें एकदां सुटून संपत नाहीं. पोप पांचवे पायस यांनीं १५६९ सालीं या प्रार्थनेला जें रूप ठरवून दिलें, त्यांत अशीं पंधरा रहस्यें होतीं. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं २००२ सालीं त्यांत आणखी पांच घातलीं.

या विसांपैकीं ज्या एकापाशीं माझें मन वर्षानुवर्षें रेंगाळत आलें आहे, तें आनंदाच्या रहस्यांतील दुसरें: मरियेनें अलीशिबेची घेतलेली भेट. लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायांत ही कथा आली आहे. नासरेथ गांवच्या मरियेला देवदूताकडून कळतें कीं, ती प्रभूची माता होणार. आणि त्याच वेळीं असेंहि कळतें कीं, तिची नातलग अलीशिबा, जिनें वांझपणाचा बोल जन्मभर सोसला, ती उतारवयांत गरोदर असून तिला सहावा महिना आहे. मरिया उठते आणि लगबगीनें यहूदाच्या डोंगराळ मुलुखांत जाते. अलीशिबेचें गांव कोणतें हें लूक सांगत नाहीं. परंपरेनें तें यरुशलेमजवळचें एन केरेम मानिलें आहे. तसें धरलें, तर हें अंतर सव्वाशें-दीडशें किलोमीटर भरतें. म्हणजे नगराहून पुण्याची वाट धरावी आणि पुणें आलें तरी आणखी चालत राहावें. चार-पांच दिवसांचा प्रवास, डोंगरांतील चढउतार, आणि पोटांत नुकताच रुजलेला जीव!

आपल्याकडे पहिलटकरीण माहेरीं जाते. तिचे डोहाळे पुरवावे, तिला जड उचलूं देऊं नये, अशी आपली रीत आहे. येथें जिची काळजी घ्यावयाची तीच दुसरीची काळजी घेण्यास निघाली आहे. मानपानाचा क्रमहि येथें उलटतो. धाकटीनें थोरलीच्या पायां पडावें, तें राहिलें बाजूला. थोरलीच धाकटीला पाहून गहिंवरते आणि माझ्या प्रभूच्या मातेनें माझ्याकडे यावें एवढी माझी योग्यता कोठली, असें विचारते. घरचा कर्ता पुरुष जखऱ्या हा याजक. पण देवदूताच्या शब्दावर विश्वास न ठेविल्यामुळें त्याची वाचा गेलेली. ज्याचा व्यवसायच देवापुढें बोलण्याचा, तो मुका बसला आहे, आणि देवाचें बोलणें त्या घरांत दोन बायका एकमेकींशीं बोलत आहेत. हें चित्र रंगवितांना लूकनें एकहि शब्द अधिक खर्चिला नाहीं. परंतु मी जों जों वयानें वाढत आहें, तों तों तें मला अधिक स्पष्ट दिसूं लागलें आहे.

इंग्रजी विद्या शिकलेल्या माणसाला जपाविषयीं एक शंका हटकून येते: तींच तीं वाक्यें पन्नास वेळां म्हणण्यांत हांशील काय? नगर शहरांत अमेरिकन मराठी मिशनचें कार्य १८३१ पासूनचें. त्या परंपरेंतील आमच्या शेजाऱ्यांच्या घरीं रोझरी नव्हती, आणि हा प्रश्न त्यांची मुलें मला लहानपणींच विचारीत. त्याचें उत्तर मला याच रहस्यानें दिलें. रोझरींत मण्यामण्याला जी प्रार्थना येते, तिचा पूर्वार्ध दोन अभिवादनें जोडून झालेला आहे. आरंभींचें अभिवादन देवदूताचें. परंतु त्यापाठोपाठ येणारी धन्यता अलीशिबेच्या तोंडची आहे. दारांत उभ्या राहिलेल्या थकल्या मुलीला पाहून त्या वृद्धेनें जें म्हटलें, तेंच आम्ही म्हणतों. म्हणजे रोझरी म्हणणाऱ्याची जागा अलीशिबेच्या उंबरठ्यावर आहे. देणारी आली आहे, आणि हा घेणारा आहे. पन्नास मणी म्हणजे पन्नास वेळां दार उघडणें. जिवलग माणसाला ‘ये’ म्हणतांना तोच शब्द काल वापरला होता म्हणून कोणी आज अडखळत नाहीं.

ही घेणाऱ्याची जागा मला जवळची वाटते, याला एक कारण आहे. आमच्या जिल्ह्यांतील कॅथलिक समाज एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत उभा राहिला. जर्मन जेझुइट धर्मगुरु राहुरी-संगमनेरकडील खेड्यांतून आले, तो काळ दुष्काळांचा. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ ओसरतो न ओसरतो तों १८९६-९७ चा व त्यामागून १८९९-१९०० चा आला. या धर्मगुरूंकडे गेलेलीं माणसें बहुतांशीं महारवाड्यांतलीं व मांगवाड्यांतलीं होतीं. सुकाळांतहि गांवची विहीर त्यांना बंद असे. माझे पणजोबा त्यांतलेच एक. ‘पोटासाठीं बाटले’ हे दोन शब्द आमच्या घराण्याच्या मागें चार पिढ्या चालत आले आहेत. महाविद्यालयांत असतांना एका विद्वान गृहस्थानीं ते मला हंसत हंसत ऐकविले. त्यांच्या मनांत द्वेष नव्हता, आणि म्हणूनच ते अधिक लागले.

या दोन शब्दांना काय उत्तर द्यावें? भाकरीचा संबंधच नव्हता, असें म्हणणें खरें होणार नाहीं, आणि पणजोबांच्या भुकेचा तो अपमान होईल. मी रोझरीच्या या दहा मण्यांवर तो प्रश्न कितीदां तरी ठेविला आहे. अलीशिबेच्या घरीं मरियेच्या मुखांतून जें स्तोत्र निघालें, तें कॅथलिक धर्मसभा आजहि रोज सायंप्रार्थनेंत म्हणते. त्यांत देवाची थोरवी कशांत पाहिली आहे? दीनांना वर उचलण्यांत, आणि भुकेल्यांचीं पोटें भरण्यांत! ख्रिस्ताच्या जन्माच्याहि आधीं, त्याच्या मातेच्या स्तुतींत भुकेचा उल्लेख उघड आणि निःसंकोच झाला आहे. मग पोट हें श्रद्धेला इतकें परकें कां मानावें? उपाशी माणसाला देव प्रथम अन्नाच्या रूपानें भेटला, तर ती भेट हलक्या दर्जाची कशी?

मात्र देणारे सगळेच मरियेसारखे येतात, असें मला म्हणावयाचें नाहीं. उपकाराचा तोरा मिरवीत येणारे असतात, हिशेबाची वही काखेंत घेऊन येणारे असतात. मरिया आली ती नात्यानें आली, आणि सुमारें तीन महिने राहिली. त्या तीन महिन्यांविषयीं लूकनें एका ओळीपलीकडे कांहीं लिहिलें नाहीं. ज्यानें आपल्या घरांतील बाळंतपण पाहिलें आहे, त्याला मात्र ते महिने भरून काढण्यास पंडिताची गरज नाहीं. दळण, पाणी, सरपण, सुजलेल्या पायांना तेल, रात्रीं उठून विचारपूस. जो इतके दिवस राहतो, त्याच्या हातची भाकरी भीक होत नाहीं. दान आणि आप्तपणा यांतील सीमारेषा मला येथें दिसते.

जिल्ह्याच्या दक्षिण टोंकाला, पावसानें नेहमींच हात आखडता घेतलेल्या जामखेडांत, हें रहस्य माझ्याच हयातींत कामाला लागलेलें आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्यानें तेथें १९७० सालीं ग्रामीण आरोग्याचें कार्य सुरू केलें. त्यांनीं गांवोगांवच्या स्त्रियाच निवडल्या आणि त्यांना आरोग्यसेविका केलें. पुष्कळींना लिहितां-वाचतां येत नव्हतें. कित्येकजणी ज्या जातींना गांवानें वेशीबाहेर ठेविलें त्या जातींतल्या. त्या घरोघर जाऊन गरोदर बाईची चौकशी करूं लागल्या, सुखरूप बाळंतपणें करूं लागल्या. या कार्यासाठीं आरोळे दांपत्यास १९७९ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें. मला त्या पारितोषिकापेक्षां तो उंबरठा अधिक आठवावासा वाटतो, जेथें एखाद्या उच्चवर्णीय घरच्या सासूनें वेशीबाहेरच्या बाईला सुनेच्या खाटेपाशीं बोलावलें असेल. त्या क्षणीं कोणी कोणावर उपकार केला? आलेली आणि बोलावणारी, दोघीहि मोठ्या झाल्या.

दर सप्टेंबरांत, मरियेच्या जन्मदिनाच्या सुमारास, श्रीरामपूरजवळ हरेगांवीं मतमाउलीची यात्रा भरते. सर्व जातिधर्मांचीं माणसें येतात, कित्येक पायीं येतात. ज्या जिल्ह्यांतील नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेथें ‘माउली’ हा शब्द कोणालाच शिकवावा लागत नाहीं. यात्रेंत आपण तिच्याकडे चालत जातों. रोझरीच्या या रहस्यांत तीच आपल्याकडे चालत येते. आणि त्याच वाटांवरून, पाऊस सरला म्हणजे, पाथर्डी-जामखेडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. त्यांतहि पोटुशा बाया असतात, आणि त्यांच्यापुढें कोणा अलीशिबेचें घर नसतें.

म्हणून सोमवारीं व शनिवारीं, जेव्हां हीं आनंदाचीं रहस्यें म्हणावयाचीं असतात, तेव्हां दुसऱ्या दशकाशीं मी थोडा थांबतों. माउली, तूं आमच्या पणजोबांच्या दारीं आलीस, तेव्हां त्यांच्यापाशीं तुला बसावयास पाटहि नव्हता. त्यांनीं तुला ओळखलें आणि ‘ये’ म्हटलें. तें ओळखण्याचें डोळे आम्हांला दे. आमच्या घेण्याची आम्हांला लाज वाटूं नये, आणि आमच्या देण्याचा कोणाला भार होऊं नये. या वर्षीं उसाच्या फडाकडे जी बाई भरल्या दिवसांची चालत निघेल, तिच्या वाटेवर एखादें दार उघडें ठेव. आणि तें आमचें असूं दे.